निळा डबा, केशरी डबा

नांदेडच्या बाजारात कॉम्प्युटर जोडून देणारा एक दुकानदार होता. गिऱ्हाईक आलं की तो दोन प्रोसेसर काउंटरवर ठेवायचा. निळ्या डब्यातला नावाजलेल्या कंपनीचा, केशरी डब्यातला तिच्याशी टक्कर घेणाऱ्या कंपनीचा. बोट मात्र नेहमी स्वस्त केशरीकडं. "तितकंच पळतंय, बाई. नावाचे पैसे फिजूल कशाला?"

मी तेव्हा नुकतीच शाळेतून रिटायर झालेली. अक्कल अजून रुजू व्हायची होती. स्वस्त विकतोय म्हणजे माल पडून असणार, असं ठरवून मी समोरच्या दुकानातून ऐटीत निळा डबा आणला. उमरीपासून मुखेडपर्यंत सगळ्या नातेवाइकांना हेच शहाणपण शिकवलं. एकानंही त्याच्याकडून मशीन घेतलं नाही.

परवा नातीसाठी त्याच्याकडं गेले, तर फळ्या रिकाम्या. दुकान कायमचं बंद करायला निघाला होता. उरला होता एकच डबा, निळा.

"तोच द्या," मी म्हटलं.

"नात काय शिकते?"

"बारावीला हाय."

"मग न्हाई लागत एवढं. समोर केशरी मिळंल."

"अहो, शेवटचा हाय, विकून टाका की!"

"म्हणून तुमच्या गळ्यात मारू का?"

मला राहवलं नाही. "तुमची लई गिऱ्हाईकं मीच तोडली हो."

"ठाऊक हाय, बाई. तुमचे जावई कॉम्प्युटरचा पंखा बदलायला यायचे, त्यांनीच सांगितलं."

एवढं बोलून त्यानं केशरी प्रोसेसरचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, समोरच्यानं मला भलताच देऊ नये म्हणून.