जमिनीलगतची जाळी

त्या हिवाळ्यात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बुइटनव्हेल्डर्टचा भाड्याचा फ्लॅट सोडलेला, उइटहॉर्नचं नवं घर बिल्डरने लांबवलेलं, आणि मधले महिने आम्ही एका डच कॅम्पिंगवरच्या स्टाकॅराव्हानमध्ये काढत होतो. नावाला चाकं, बाकी पातळ भिंतींचा लांबट डबा. त्यात माझी आई चिपळूणहून राहायला आलेली. विजेच्या हीटरने तिचं काही भागेना, म्हणून लाकडाचा स्टोव्ह बसवायचं ठरलं.

नवऱ्याला वाटलं, आइंडहोवनमध्ये चिपची यंत्रं जुळवणाऱ्याला एक स्टोव्ह काय जड आहे! मी घर डोक्यावर घेतलं. प्लायवुडच्या छतातून तापलेली चिमणी न्यायची, हे व्हिडिओ बघून करायचं काम नव्हे. शेवटी रीतसर माणूस बोलावला. त्याने खाली पोलादी पत्रा टाकला, मागच्या भिंतीला न जळणारा बोर्ड लावला, दुहेरी पत्र्याची चिमणी छतातून काढली, स्टोव्ह जमिनीला बोल्टने आवळला. जमिनीलगत हवेसाठी एक जाळी बसवली. आग खोलीतली हवा खाते, ती इथूनच येणार, जाळी कधीही झाकू नका, असं पुन्हा पुन्हा बजावलं. भिंतीवर विषारी वायूचा अलार्म लावला.

तरी मला चैन नाही. भांडी घासता घासता उठून मी बोर्डावर हात ठेवून बघायची. आई वैतागायची.

"चुलीपुढे जन्म गेला माझा. आता तू मला आग शिकव!"

खरं होतं. पण तिच्या चुलीचा धूर कौलांतून आपला आपण निघून जायचा. या डब्याला कौलं नव्हती.

एकदा मी झुइडओस्टच्या ऑफिसात होते, नवरा आइंडहोवनला. कामात लक्ष लागेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला.

"ते तुमचं यंत्र केव्हाचं बोंबलत होतं," ती म्हणाली. "जावईबापू काढतात तशी बॅटरी काढून टाकली."

फ्लॅटमध्ये मिरचीची फोडणी पडली की धुराचा अलार्म किंचाळायचा आणि नवरा खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढायचा. मागल्या खेपेला आली तेव्हा आईने ते पाहिलं होतं.

"फोडणी घातलीस का?"

"नाही गं. डोकं जड झालंय, पडलेय जरा."

मी खुर्चीवरून ताडकन उठले.

"आई, जाळीवर काही ठेवलंयस का?"

"परकर कोंबलाय. पायाला गार वारा लागतो."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता बाहेर जा."

"या थंडीत? वेड लागलंय का तुला?"

"आत विषारी गॅस झालाय!"

"कसला गॅस? लाकडं आहेत ती." आवाज झोपाळू होत चालला होता. मी ओरडले, रडले. ती नुसतं हूं म्हणाली.

मग सुचेल ते बोलले. "आई, मी दाराशी उभी आहे. चावी विसरले. गारठलेय गं, दार उघड."

"अगं बाई! आले, आले."

सपाता घासल्या, काहीतरी पडलं, कडी निघाली. फोनमध्ये वारा घुसला. "कुठे आहेस?" ती विचारत राहिली. "येतेच, तू आत जाऊ नकोस," मी म्हणत राहिले. मी कागदावर पत्ता आणि 'गॅस' एवढंच खरडून पुढे केलं होतं; शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने तोवर ११२ ला फोन लावला होता.

मी पोचले तेव्हा अग्निशमनवाल्यांनी दारं-खिडक्या सताड उघडल्या होत्या. आई शेजारच्या डच आजींकडे होती. ॲम्ब्युलन्समधल्या बाईने तिला तपासलं होतं, ऑक्सिजन दिला होता, धोका टळल्याचं सांगितलं होतं. आजी मला म्हणाल्या, "आम्ही परोपरीने सांगितलं, पण हातातलं ते पांघरूण ती अंगावर घेईना. पातळ साडीवर कुडकुडत उभी होती."

आईच्या हातावर तिची लोकरी शाल होती, घडी न मोडलेली.

"पांघरली का नाहीस?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी आणली होती," ती म्हणाली. "गारठलेय म्हणालीस ना."