तेलाच्या डब्यावरची मावशी

माझ्या मोठ्या मावशीचा आमच्या घरात एकही फोटो नव्हता. पंधराव्या वर्षी ती विषमज्वराने गेली, तेव्हा आई जेमतेम सहा-सात वर्षांची. मावशीचा चेहरा राहिला तो फक्त तेलाच्या डब्यावर.

आजोबा जळगावात एका मारवाडी शेठजींच्या तेलघाण्यावर कामाला होते. शेठजींना डब्यासाठी छाप हवी होती. त्यांनी आजोबांच्या थोरल्या मुलीला परकर-पोलक्यात उभं केलं, हातात शेंगा लगडलेलं भुईमुगाचं रोप दिलं आणि फोटोवाला बोलावला. त्या फोटोवरून चित्र काढलं गेलं आणि मावशी खानदेशात घरोघरी पोचली.

असा एक डबा आईने वर्षानुवर्षं जपला होता. त्यात ज्वारी असायची. आम्ही मेहरूणला राहायला आलो, तेव्हा सामान आवरताना मीच तो गंजका डबा भंगारात दिला. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शोधाला लागले. घाणा कधीचाच बंद पडलेला. शेठजींचे नातू भेटले. जुने कागद धुळ्याच्या एका संग्रहाला देऊन टाकल्याचं त्यांनी सांगितलं. मी धुळ्याहून दोनदा हात हलवत परत आले. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंना आठवलं, की छाप नोंदवण्याचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात बांधलेत. त्यांनी तो सोडला. हत्ती, कमळ, उगवता सूर्य, विमान अशी एकेक लेबलं निघाली आणि एका अर्जाला टाचलेला, पिवळा पडलेला फोटो. मी आधी भुईमूग ओळखला, मग मावशी. बाईंनी मला मोबाइलवर त्याची प्रत घेऊ दिली.

संध्याकाळी आईसमोर मोबाइल धरला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. एरवी आमच्याशी शहरी बोलणारी आई तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "हाई मनी अक्का शे." ही माझी अक्का आहे.

मग तिचं बोट बाजूला सरकलं. अक्काचा परकर मुठीत धरून एक लहानगी उभी होती. डब्यावर ती कधीच नव्हती. चित्रकाराने तिला वगळलं होतं.

"आणि ही कोण?" आईने विचारलं.

"तूच असणार," मी म्हणाले.

तिला काहीच आठवेना. आपण तिथे नव्हतोच, असं ती म्हणत राहिली. मी फोटो मोठा केला. त्या लहानगीची उजवी भुवई मध्येच तुटलेली होती. आईने आपल्या भुवईवरच्या व्रणाला हात लावला. अक्काचा मोकळा हात धाकटीच्या डोक्यावर होता.

फोटो आता आईच्या पलंगाजवळ लावलाय. आल्यागेल्याला ती तो दाखवते, आणि आधी धाकटीवर बोट ठेवते.