हाडोळ्यात देव येत नव्हते

“स्माइल कर आणि पाहुण्यांना अर्थ सांग,” मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या आणि त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

समोर मुंबईहून आलेले पाहुणे. हातात ग्लास. माझ्या मागे नवी पाटी, तिच्यावरचा पडदा नुकताच काढलेला. पाटीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘हाडोला’. त्याखाली इंग्रजीतच बारीक अक्षरांत, हा जुन्या गावबोलीतला शब्द आहे, अर्थ असा की जिथे देव विसाव्याला येतात ती जागा.

पहिल्या रांगेत माझी आत्या बसली होती. मॅडमनीच गाडी पाठवून तिला आणलं होतं. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आली होती बिचारी. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मान उडवून मला विचारलं, “काय लिव्हलंय गं?”

मी वळून पाटी पुन्हा वाचली.

हाडोळा म्हणजे काय, ते आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. गावात ढोर मेलं की ते ओढून, नाहीतर बांबूला बांधून चौघांच्या खांद्यावरून न्यायचं काम आमच्या लोकांचं. त्या चाकरीच्या बदल्यात आमच्या वाडवडलांना जमिनीचा जो तुकडा दिलेला, तो हाडोळा. ढोर तिथेच फाडायचं, हाडंही तिथेच पडायची. बौद्ध झाल्यावर आमच्या माणसांनी ते काम टाकून दिलं. पुढे जमीनही गेली. कशी गेली ते विचारू नका, गरिबाची जमीन जाते तशीच गेली. नाव तेवढं राहिलं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, गाव म्हणायचं, हाडोळ्यात यंदा द्राक्षं लावलीत.

त्या द्राक्षांची वाइन करणारी कंपनी मॅडमची. नाशिकहून दिंडोरीकडे जाताना आमचं गाव लागतं, गावाचं नाव सांगत नाही. पाहुण्यांना मळा दाखवायचा, वाइन चाखायला द्यायची, बाटलीमागची गोष्ट इंग्रजीतून सांगायची, हे माझं काम. ते मला मॅडमनी शिकवलं. ग्लास दांडीला धरायचा, घाई करायची नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. “ही माझी मुलगीच आहे,” असं त्या चारचौघांत सांगायच्या. जेवायला शेजारी बसवायच्या. मी घरी येऊन आईला म्हणायचे, जातबित मानणारी माणसं वेगळी, आमच्या मॅडम वेगळ्या. खरंच वाटायचं तसं मला.

नव्या वाइनला हाडोळ्याचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा अर्थ समजून घ्यायला त्या स्वतः आमच्या घरी आल्या. आत्याने सगळं सांगितलं. मॅडमनी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मध्येच डोळे पुसले. आमच्या घरचा चहा प्यायल्या. जाताना आत्याचा हात धरून म्हणाल्या, “तुमची गोष्ट मी जगाला सांगणार.” आत्या वस्तीभर सांगत सुटली, “आपल्या हाडोळ्याची गोष्ट साता समुद्रापार चालली!”

आणि आता पाटीवर देव.

मी माइक खाली केला आणि पाटीवरचं आत्याला मराठीत सांगितलं. ती पाटीकडे बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तिथं कव्हा देव आले गं? तिथं माझा बाप यायचा. खांद्यावर मेलेलं ढोर घेऊन.”

पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं. कुणीतरी विचारलं, आजी काय म्हणाल्या?

मॅडम हसल्या. “शी इज ब्लेसिंग अस,” त्या म्हणाल्या.

आशीर्वाद! माझ्या आत्याच्या तोंडात आशीर्वाद घातला, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिला पत्ताही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती आजवर गावाचं खूप ऐकून घेत आली होती, पण तिचं बोलणंच कुणी असं पळवलं नव्हतं.

“नो,” मी माइकमध्ये म्हणाले. आणि आत्याचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाप, खांदा, मेलेलं ढोर. समोरच्यांच्या डोळ्यांत बघून, घाई न करता. शिकवलं होतं तसं.

कुणीतरी माइक बंद केला. संगीत लागलं. एकाही पाहुण्याने ग्लास खाली ठेवला नाही.

ऑफिसात मॅडमनी दार लावून घेतलं. “तुझ्यासाठी मी काय कमी केलं? अगं, हाडं कोण विकत घेणार? तुमच्या त्या घाणेरड्या जागेला मी किती सुंदर केलं!”

घाणेरडी. म्हणजे आमच्या घरी बसून डोळे पुसत होत्या, तेव्हाही हा शब्द त्यांच्या पोटात होता. चहाबरोबर गिळला असेल. मला वैऱ्याने मारलं असतं तर सोसलं असतं, पण हिला मी आईच्या जागी मानत होते.

“मॅडम, अर्थ तुमचा घालायचा होता, तर नावही तुमच्या घरातलं घ्यायचं,” मी म्हणाले. ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. आत्याला घेऊन चालत घरी आले.

वाइन आजही त्याच नावाने विकली जाते. मी नाशिकला दुसरीकडे नोकरी करते. पण आत्याचं अंगण मळ्याच्या रस्त्याला लागून आहे, पाहुण्यांच्या गाड्या तिथूनच जातात. त्या अंगणात मी पाटी लावली आहे. वर मराठी, खाली इंग्रजी: ‘हाडोळा. तिथे देव येत नव्हते. माझा बाप मेलेली ढोरं घेऊन यायचा.’ खाली आत्याचं नाव.

सरपंच येऊन गेले. म्हणाले, “कशाला जुनी हाडं उकरती पोरी? गावाचं नाव खराब होतं.”

आत्या ओट्यावर बसली होती. तिथूनच म्हणाली, “हाडं आमच्याच बापानं वाहिली ना? मग बोलू आम्हीच.”

दोनदा कुणीतरी रात्रीतून पाटी उपटून टाकली. दोनदा मी नवी लावली. तिसऱ्यांदा उपटली तर चौथी रंगवायला घेईन, अक्षरं आणखी मोठी करून. जमीन आमची गेली. नावाचा अर्थ मी जाऊ देणार नाही.