मापाचा डबा

नांदेडच्या आमच्या दुकानात गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप आणि तण काढायचे पॉवर विडर विकले जातात. वडिलांच्या माघारी दुकान मी बघते. मागच्या खोलीत मोडीत निघालेल्या यंत्रांचे सुटे भाग आहेत. आमचे मिस्त्री ते खोलून, रॉकेलनं धुऊन ऑइलच्या रिकाम्या डब्यांत ठेवतात. मी त्यांना चाचा म्हणते. कंपनीनं बंद केलेल्या मॉडेलचा कार्बोरेटर, स्टार्टरची चरखी, असलं काहीबाही त्या डब्यांतून निघतं आणि एखाद्याचं काम अडत नाही.

एका डब्याला मात्र त्यांनी लाल पट्टा मारला होता. त्यात पातं धरून ठेवणारे नट होते. "हे फकत माप बघायला, बेटा," चाचा सांगायचे. "आटे चांगले दिसतात, पण आतली नायलॉनची पकड गेलेली आसती. मशीन हादरलं की नट ढिल्ला."

सोयाबीन काढणीचे दिवस होते. शुक्रवारी दुपारी मुखेडकडचं एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. गावात यंत्रानं सोयाबीन कापून द्यायचा. त्याच्या पात्याचा नट झिजला होता. नवा नट दुकानात नव्हता, सोमवारी येणार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते.

"सोमवारपस्तोर पाऊस आला तर शेंगा फुटत्यात, ताई," तो म्हणाला. "कायतरी बघा की."

मी मागं गेले. लाल पट्ट्याच्या डब्यातला त्यातल्या त्यात चांगला नट काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "सोमवारी या, बदलून देते," एवढंच म्हणाले. का बदलायचा, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं घेतला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं.

रविवारी त्याच्या बायकोचा फोन आला. पातं निसटून नडगीत बसलं होतं. त्याला नांदेडला दवाखान्यात आणलं होतं.

मी आधी चाचांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पायात चप्पल घालत म्हणाले, "चल, मी बी येतो."

वॉर्डात तो भिंतीला टेकून बसला होता. पाय गुडघ्यापासून पट्टीत. आम्हाला पाहून तोच आधी बोलला, "मीच नट नीट आवळला नसंल, ताई. घाई होती. पात्यावरचं गार्ड बी काढून ठेवलं व्हतं."

मला तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण त्याची बायको माझ्याकडं बघत होती.

"नट नवा व्हता ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "जुना होता. द्यायला नको होता, ते मला माहीत होतं."

त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. चाचांनी आणलेली मोसंबी पिशवीतून काढून एक एक करून कपाटावर ठेवली.

हाड सांधलं, पण तो पाय टाकताना अजून झोका जातो. यंत्र आता त्याचा मेव्हणा चालवतो. ऑइलला आमच्याकडंच येतो. नट लागला तर तो पुडी फोडून उजेडात फिरवून बघतो, मगच खिशात टाकतो. मी समोर उभी असते. त्याच्या जागी मीही तसंच केलं असतं.

चाचांनी त्या आठवड्यात डब्यातले सगळे नट ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चेपले. आता नमाजला जाताना मागच्या खोलीला कुलूप लावतात आणि चावी खिशात घालून जातात. आधी कधी लावत नव्हते. मी त्यांना ती मागितलेली नाही.