खिम्याच्या सात वाट्या

दस्तगीरचाचांच्या हातातली वाटी टेबलावर एकदम कधी टेकत नसे. टेबलापासून चार बोटं वर ती थांबायची. वाफ तुमच्या नाकात, वाटी त्यांच्या हातात, आणि चाचा तुमच्या तोंडाकडं बघत विचारायचे, "हे तुमीच सांगितलंय न्हवं?" तुम्ही "हो" म्हणालात की वाटी खाली. नुसती मान हलवलीत तर वाटी तिथंच अधांतरी. "तोंडानं सांगा. मान माझीबी हालतीया, वयानं."

राजारामपुरीतल्या त्या खानावळीत ते तीसेक वर्षं वाढपी होते. रोज सकाळी कागलहून एसटीनं यायचे. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि चष्म्याला मागून बांधलेली दोरी. सगळ्या पदार्थांना ही चौकशी असे, अपवाद फक्त रश्श्याचा. तांबडा आणि पांढरा आपल्याकडं पोट म्हणेल तितका येतो, त्याला कुणी पैसे लावत नाही. तो चाचा न विचारता ओतत राहायचे. मी एकदा म्हणालो, "चाचा, याला का विचारत नाही?"

"ज्येचं पैसं लावायचं त्येला इचारायचं," ते म्हणाले. "रस्सा घरचा हाय."

आमची पहिली भेट या चौकशीतूनच झाली. त्याला आता दहाएक वर्षं होतील. माझे वडील जवळच्या दवाखान्यात होते. दोन रात्री झोप नव्हती, आणि दुपारी कुणीतरी मला "जा, दोन घास खाऊन ये" म्हणून ढकललं होतं. थाळी आली, मी खाऊ लागलो. शेजारच्या टेबलाचा मसाला पापड दुसऱ्या एका वाढप्यानं चुकून माझ्यापुढं ठेवला. मी तो मोडून खायलाही लागलो. तेवढ्यात चाचा आले.

"पावणं, हे तुमी सांगितलंतं?"

"नाही. पण आलंय तर राहू दे. देतो मी त्याचे पैसे."

"आलंय ते आमच्या हातनं आलंय. तुमच्या तोंडातनं न्हाय," ते म्हणाले. "खावा आता. बिलात येणार न्हाय." मग जरा थांबून, आवाज उतरवून विचारलं, "दवाखान्यात कोण हाय?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. कसं ओळखलंत, असं विचारल्यावर म्हणाले, "दवाखान्यातनं आलेला माणूस ताटाकडं बघत न्हाय. म्होरं पुठ्ठा ठेवला तर पुठ्ठा खाईल, आणि पैसं देऊन जाईल. असल्याला इचारल्याबिगर वाढायचं म्हंजे झोपलेल्याचा खिसा कापायचा."

वडील बरे होऊन घरी आले. मी मात्र त्या खानावळीत जात राहिलो. बायकोला वाटायचं मटणासाठी जातो. थोडंफार तेही होतं. पण खरं सांगायचं तर, या जगात मला काही हवंय का असं आधी विचारणारा तो एकच माणूस होता.

इथं माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. वर्गात मी नुसता खाकरलो तरी साठ पोरं गप्प होतात. पण वर्गाबाहेर कुणाला "नको" म्हणायचं म्हटलं की माझ्या तोंडून "हो"च निघतं. न्हावी स्वतःच्या मनानं तोंडाला मलम चोळतो, मी त्याचे पैसे देतो. शिंप्यानं एकदा सदऱ्याला चार खिसे लावले, मी चारी खिशांचे दिले. माझी बायको सुनंदा सांगते, "ह्यांच्या हातात वाटेत कुणी कोंबडा दिला, तरी घेऊन येतील. वर पिशवीचे पैसेही देतील."

चाचांना माझा हा आजार पहिल्या महिन्यातच कळला. "सर, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकानंच हाटेलवाली बिघडत्यात," ते म्हणायचे. "बिल बघून मनात शिव्या देता, आणि तोंडानं म्हणता, लई झकास होतं."

ते बिघडणं आम्ही पुढं डोळ्यांदेखत पाहिलं. थोरले मालक थकले आणि त्यांचा मुलगा सुजित गल्ल्यावर बसू लागला. पोरगा वाईट नव्हता. चाचांनीच त्याला खांद्यावर बसवून रंकाळा दाखवलेला. पण समोरासमोर तीन नवी हॉटेलं झाली होती, जागेचं भाडं वाढलं होतं, आणि सुजितनं कुठंतरी पाहिलं होतं की गिऱ्हाईक बसायच्या आधीच टेबलावर काहीतरी मांडून ठेवतात. त्यानं पाण्याची सीलबंद बाटली आणि माणशी एक खिम्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. कुणी वाटीला हात लावला की ती बिलात.

चाचा वाट्या उचलून आत नेऊन ठेवायचे. सुजित परत पाठवायचा. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघांची जुंपली. मी रस्सा पीत ऐकत होतो.

"चाचा, नको असेल तर गिऱ्हाइकानं सांगावं की नको म्हणून. खायचं, आणि वर म्हणायचं मागवलं नव्हतं, असं कुठं असतंय?"

"मग उद्या मी तुझ्या दारात म्हस आणून बांधतो. नको म्हणाला न्हाईस तर पैसं काढ."

"दूध काढलं तर देईन की."

"काढशील रं. दावणीला म्हस वराडाय लागल्यावर काढशील न्हाय तर काय करशील? म्हणून काय इकत घेतलीस व्हय?"

सुजितला हसू आलं, पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "लोक आनंदानं खातात. आजपर्यंत एकानं तरी तक्रार केली?"

"भिडंनं करत न्हाईत."

"तुम्हाला काय ठाऊक, भीड हाय का आनंद?"

चाचा खांद्यावरचा टॉवेल काढून घडी घालत म्हणाले, "बरं. मी इचारतो न्हवं परतेकाला? ज्या दिवशी एक गिऱ्हाईक बिल बघून म्हणंल, न सांगता आणलं ते बरं केलं, त्या दिवसापास्नं मी गप वाढीन."

"ठरलं," सुजित म्हणाला.

मी रस्सा संपवून निघालो. चाचांची बाजू खरी असं मला वाटत होतं. सुजितचीही थोडी वाटत होती. दोन्ही बाजू पटणं ही माझी जुनी सोय आहे, कुठंच बोलावं लागत नाही.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. आमच्या मुलीचं बिद्रीला जमलं होतं. साखरपुड्याचा हॉल बघायला व्याह्यांकडची पाच माणसं राजारामपुरीत आली. व्याही बळवंतराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, मोजकं बोलणारे. मला त्यांची उगाचच भीती वाटायची. दुपारचं जेवण बाहेरच करू, असं ठरलं. मी आदल्या दिवशी खानावळीत जाऊन चाचांना गाठलं.

"चाचा, उद्या पाहुणे आहेत. एक विनंती. उद्या तेवढं विचारत बसू नका."

"का ओ?"

"पाहुण्यांना हवं का नको विचारत वाढायचं म्हणजे बरं दिसत नाही. त्यांना वाटेल, हा माणूस हिशेब करून जेवू घालतोय."

चाचांनी माझ्याकडं जरा बघितलं. आपल्याकडं पाहुण्याला विचारून वाढत नाहीत, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. "तुमच्या पोरीचं काम हाय," ते म्हणाले. "उद्या तोंड बंद."

दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण बसलो. टेबलावर सात वाट्या खिमा आधीच मांडलेला. चाचा शब्द न बोलता वाढत होते. मी खिमा खाल्ला, कारण बळवंतराव खात होते. जेवण छान झालं. बळवंतराव दोनदा "हं" म्हणाले, म्हणजे खूश होते.

बिल मात्र सुजितनं दुसऱ्या कुणाकडून पाठवलं. चाचांनी ते माझ्या हातात पडायच्या आधी वाचलं आणि तडक गल्ल्याकडं गेले. तिथलं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

"सरांनी खिमा सांगितला न्हवता. ते काढ."

"खाल्लाय न्हवं सगळ्यांनी? वाट्या चाटूनपुसून साफ हायत."

"मी इचारलं न्हाय. माझी चूक हाय. काढ."

सुजित उठून आमच्या टेबलापाशी आला. मागून चाचा. सुजित अगदी अदबीनं म्हणाला, "सर, तुमीच सांगा. खिमा आणला ते बरं केलं का न्हाय? तुमी न्हाय म्हणाला तर आत्ता काढतो."

सगळं टेबल माझ्याकडं बघत होतं. सुनंदा टेबलाखालून पायावर पाय देत होती. बोला असं सांगत होती की गप्प बसा, ते मला आजवर कळलेलं नाही. बळवंतरावांच्या मिशा माझ्याकडं वळल्या. चाचांचं आणि सुजितचं काय ठरलंय ते त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. मला एकच शब्द उच्चारायचा होता.

"बरं केलं की," मी म्हणालो. "मीच सांगणार होतो. खिमा तर लई झकास होता."

चाचांनी चष्मा काढला, टॉवेलानं पुसला आणि पुन्हा घातला. मग बडीशेपेची वाटी आणून ठेवली. बळवंतरावांनी जाता जाता त्यांना विचारलं, "कुठलं तुम्ही?" तर "कागलचा" एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा चाचा नव्हते. दुसऱ्या वाढप्यानं सांगितलं, काम सोडलं. त्या जेवणानंतर दोन दिवस शब्दाला जागून गप वाढलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून आलेली एक बाई खिम्याची वाटी पुढं घेऊन रडत खात होती. चाचांना तिला विचारता येईना, आणि वाटी उचलताही येईना. जेवण वाढून झाल्यावर टॉवेल खुंटीला लावून निघून गेले.

मी रविवारी कागलला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. चाचा ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा तोडत होते. मी वाटेत पाठ केलेली माफी म्हणून दाखवली. मध्येच विसरलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. त्यांनी ती वर्गातल्या पोराची कविता ऐकावी तशी ऐकून घेतली.

"तुमी काय येगळं केलं सर?" ते म्हणाले. "पावण्यांम्होरं, बिल झाल्यावर, कोण न्हाय म्हणंल? मीबी न्हाय म्हटलं नसतं. बिल आल्यावर इचारलेलं इचारण्यात धरत न्हाईत. म्हणून तर वाटी टेकायच्या आधी इचारायचं असतंय. ते मी त्या दिवशी केलं न्हाय. माझं वाढणं चुकलं."

"पण तुमचं काम गेलं माझ्यामुळं."

"काम गुडघ्यानं जाणारच हुतं." शेंगांचा भारा बाजूला सारून ते म्हणाले, "मनाला लागलंच असंल तर एक करा. खोटं तुमी माझ्याशी न्हाय, पावण्यांम्होरं बोललाय. तिथं सांगून या."

मी आधी सोपं काम उरकलं. सुजितला जाऊन खरं काय ते सांगितलं. तो गल्ल्यातल्या नोटा सारख्या करत म्हणाला, "सर, मला तवाच कळलंतं. तुमचं तोंड बघून. पण ठरल्यालं ठरलंतं." तो दोनदा कागलला जाऊन आला होता. चाचा येत नव्हते. "वाट्या बंद केल्या मी," तो म्हणाला. "बाटली तेवढी ठेवतो. तेवढी चालू दे."

बिद्रीचं काम मी ढकलत राहिलो. साखरपुडा झाला, लग्न झालं, मुलगी पहिल्या सणाला येऊन गेली. प्रत्येक वेळी बळवंतरावांच्या मिशा बघितल्या की मी पावसापाण्याचं बोलायला लागायचो. शेवटी या थंडीत, त्यांच्या गोठ्यापाशी दोघंच उभे असताना मी बोललो. खिमा मी मागवला नव्हता, तुमच्यासमोर खोटं बोललो, त्यापायी एका चांगल्या माणसाचं काम गेलं. सगळं सांगितलं.

बळवंतरावांनी गोठ्यात वैरणीची पेंढी टाकली. मग म्हणाले, "व्याही, मी खिमा खातच नाही. सोसत नाही मला. तुम्ही मुद्दाम मागवलाय, नाही खाल्ला तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून खाल्ला. आमच्या हिनं तर अर्धा माझ्याच वाटीत ढकलला. दोन दिवस झोपून होतो."

ही गोष्ट चाचांना कधी एकदा सांगतो असं मला झालं. बिद्रीच्या स्टँडवरूनच फोन लावला. चाचांच्या मुलीनं उचलला.

"अब्बा सोमवारी गेले, सर," ती म्हणाली. "सकाळी उठलेच न्हाईत." मग विचारलं, "काय काम हुतं का?"

"नाही, सहज केला होता," मी म्हणालो. फोन ठेवायला निघालो, आणि स्वतःचीच लाज वाटली. "थांबा. सहज नव्हता. त्यांना एक सांगायचं होतं." आणि तिथं स्टँडवर, सुटणाऱ्या गाड्यांच्या गोंगाटात, मी तिला मोठ्यानं सगळं सांगितलं, बळवंतरावांच्या दोन दिवस झोपून राहण्यापर्यंत.

तिनं ऐकून घेतलं. मग फोन तोंडापासून लांब धरून घरात कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं. "अम्मा, त्या खिम्याच्या सरांचा फोन हाय. म्हणत्यात, त्या दिवशी खिमा कुणालाच नको हुता."

मग पलीकडून अम्मांचा म्हातारा, बसलेला आवाज आला.

"आणि खाल्ला सगळ्यांनी?"