बिल नसलेला बस्ता

नांदेडचं आमचं कापडाचं दुकान लग्नाच्या बस्त्यांवर चालायचं. नवरीकडचं अख्खं घराणं गादीवर बसायचं, पप्पा साड्या उलगडत राहायचे, दोनदा चहा व्हायचा. मानपानाच्या साड्यांचं गाठोडं बांधलं की पप्पा पक्कं बिल करायचे, करासकट. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून जीएसटीचं विवरण भरायचं काम माझं.

गेल्या वर्षी दुकान टिकतं की नाही, अशी वेळ आली. त्यात लातूरच्या आत्याच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. "एवढा एक बस्ता झाला की निभलं," पप्पा म्हणाले.

आत्या जावांना घेऊन आली. दिवसभर साड्या खांद्यावर टाकून बघणं चाललं. मी घड्या घालत होते. आत्या प्रत्येक साडीचा फोटो काढून कुणाला तरी पाठवत होती. संध्याकाळी ती म्हणाली,

"दादा, राग नको धरू. सुरतेची एक बाई फोनवर लाईव्ह येऊन विकती. ह्याच साड्या. बिल न्हाई, टॅक्स न्हाई."

"मला भरावाच लागतो गं."

"तू भर की. आम्ही कामून भरावा?"

चहा पिऊन सगळ्या गेल्या. गादीवर उघड्या साड्यांचा ढीग.

पुढच्या आठवड्यात जीएसटीचे साहेब तपासणीला आले. सगळं दाखवून झाल्यावर पप्पांनी विचारलं, "त्या लाईव्हवालीकडं कोण जातंय, साहेब?"

"कुठं जाऊ, काका? तिच्या दुकानाला पाटी हाय का? पार्सलवरचं नावसुद्धा दुसरंच असतंय. तुमची पाटी चौकातून दिसती."

पप्पा हसले. तसं हसू मला परत बघायचं नाही.

दिवाळीनंतर पाटी उतरवली. नोंदणी रद्द करायचा अर्ज मीच भरला. कारण निवडलं, व्यवसाय बंद.

उरलेला माल आता आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी मी, रोज दुपारी फोनसमोर उभी राहून अनोळखी बायकांना साड्या दाखवते. चेहरा दिसू देत नाही. पप्पा मागे बसून घड्या घालतात.

परवा आत्याचा फोन आला. धाकटीचंही जमलंय. "बरं झालं दादा, आता बस्ता तुझ्याकडूनच. बिल तर न्हाई ना लावत?"

"न्हाई," पप्पा म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.