काळा गॉगल
थंडीची पांघरुणं काढताना ट्रंकेच्या तळाशी जत्रेत घेतलेला काळा गॉगल सापडला. सत्तरच्या दशकात मी गडमुडशिंगीहून कोल्हापुरात सायकलवरून दूध घालायचो. पौषातलं पहाटेचं वारं डोळ्यांत असं शिरायचं, की पहिल्या घरी पोचेपर्यंत डोळे लालभडक होऊन पाणी गळायचं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना वारं लागू देऊ नका, म्हणून एके दिवशी गॉगल घालून निघालो आणि खरंच, डोळे कोरडे राहिले. पण पहिल्याच घरच्या काकूंनी पुढं केलेलं पातेलं झटकन मागं घेतलं. "डोळं आल्यात व्हय रं? माझ्याकडं बघू नगंस!" मी गॉगल काढला. "न्हाय ओ काकू, तुम्हीच बघा की!" बघितलं की आपलेही डोळे येतात, या समजुतीनं त्यांनी तोंडावर पदर ओढून दार लावलं. गल्लीभर तसंच झालं आणि निम्मं दूध घरी परत आलं. दुसऱ्या दिवशी गॉगलशिवाय गेलो. डोळे लाल, गालांवर पाणी. काकूंनी मला नीट निरखलं, पातेलं धरलं आणि म्हणाल्या, "बघ, एका रात्रीत बरं झालं की डोळं!" आज तो गॉगल सहज घालून बघितला, तेवढ्यात दारात दूधवाल्यानं हाक मारली आणि पातेल्याआधी माझा हात गॉगल काढायला गेला.